नकाशावर बघितलेलं घर

आमच्या भोंगवलीकडे मुलगी द्यायची म्हटलं की आधी मुलाचं घर बघायला जातात. मुलगा बघणं हा त्यातला किरकोळ भाग. मुलगा काय, भांग पाडून आणि इस्त्रीचा शर्ट घालून कुणीही बसतो. घराला तसं नटवता येत नाही, म्हणून आमची जाणती माणसं जेवणाच्या निमित्तानं जायची आणि सगळं चाचपून यायची. पुरुष गोठ्यात डोकावायचे, विहिरीवर वाकून पाणी बघायचे, बांधाची भांडणं शेजाऱ्याकडून काढून घ्यायचे. माझी थोरली चुलती यातली तज्ज्ञ. ती पाणी पिण्याच्या निमित्तानं थेट आत शिरायची, हंड्यावरचं झाकण उचलायची, चुलीपुढची बाई किती दमलेली आहे ते बघायची आणि परतताना एसटीत बसल्यावर एका वाक्यात निकाल द्यायची. तिच्या निकालापुढे आमच्या घरात अपील नव्हतं.

माझ्या वेळी मात्र घर बघायला कुणीच गेलं नाही. माझं सासर आमच्या माणसांनी नकाशावर बघितलं.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. इंटरनेटवर एक नकाशा निघाला होता. आकाशातून काढलेला जगाचा फोटो, आणि त्यावर कुणीही यावं, माऊसनं चौकोन ओढावा, रेघ मारावी, नाव लिहावं. लिहिलेलं लगेच साऱ्या दुनियेला दिसायचं. पुढच्याला पटलं नाही तर त्यानं ते खोडून आपलं लिहावं. जगाची माहिती जगानंच मिळून गोळा करायची, असा त्यामागे उदात्त हेतू होता म्हणे. हा हेतू ज्यांनी धरला त्यांनी आमच्याकडचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघितलेले नसणार. फ्लेक्स निदान पावसाळ्यात फाटतो तरी. नकाशावर एकदा कुणी ‘भावी सरपंच यांचे निवासस्थान’ म्हणून गोठ्याभोवती चौकोन काढला, की तो तिथं वर्षानुवर्षं भावीच राहायचा.

माझा भाऊ तेव्हा भोरला कॉम्प्युटरचा कोर्स करत होता. म्हणजे एसटीनं जायचा आणि बाजारपेठेतल्या एका नेट कॅफेत पंख्याखाली बसून यायचा. मला वेल्ह्याकडचं स्थळ आलं, मार्गासनीच्या पुढं, डांबरी सोडून थोडं आत. आईनं तोंड वाकडं केलं. तिकडं डोंगर, तिकडं पाऊस, पोरगी कुठं टाकायची. वडिलांची एकच अट होती, दारात गाडी गेली पाहिजे. बाकी मुलगा निर्व्यसनी होता, दूध डेअरीत कामाला होता, घरचा भात होता. आता घर बघायला जायचं, तर ज्वारीची काढणी अंगावर आलेली. तेव्हा माझ्या भावानं सांगितलं की जायची गरजच नाही, तो कॅफेत बसून सगळं बघून येईल.

तो आला तो रंगीत छापलेला नकाशा घेऊनच. वर पुन्हा लॅमिनेशन करून आणलेलं, पाण्यात बुडवलं तरी खराब होणार नाही असं. ओसरीवर सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. हिरव्या-तपकिरी डागांच्या मधोमध एक चकचकीत चौकोन होता. भाऊ म्हणाला, हे घर, पत्रा बघा कसा चमकतोय, पक्कं बांधकाम आहे. शेजारी ‘क्रीडांगण’ लिहिलेलं होतं, पलीकडं ‘दवाखाना’, खाली ‘बस स्टॉप’. आणि बस स्टॉपपासून थेट त्या पत्र्यापर्यंत एक जाड पिवळी रेघ गेली होती. तिच्यावर लिहिलं होतं ‘मेन रोड (डांबरी)’.

वडिलांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोट दारापर्यंत कुठंही न अडखळता गेलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. चुलतीनं चष्मा लावून कागद जवळ घेतला, लांब धरला आणि गोठा कुठाय म्हणून विचारलं. भावानं एक राखाडी ठिपका दाखवला. तिनं म्हैस विचारली. तो म्हणाला, म्हैस आत असेल. मग तिनं विचारलं की या घरातली बाई कशी आहे, तर सगळे हसले. ती मात्र हसली नाही, पण काढणी तिलाही होती.

सुपारीच्या दिवशी तो लॅमिनेशनचा कागद पाहुण्यांत हातोहात फिरला. कुणीतरी शिस्तीत त्यालाही हळदकुंकू लावलं. वडील सगळ्यांना सांगत होते की उपग्रहानं घर बघितलंय, आपण काय बघणार. लग्न हायवेच्या मंगल कार्यालयात झालं, त्यामुळे वऱ्हाडालाही सासर दिसायचा प्रसंग आला नाही.

संध्याकाळच्या उन्हात आमची जीप मार्गासनीच्या पुढं एका ओढ्यापाशी थांबली. मला वाटलं पंक्चर झालं. नवऱ्यानं उतरायला हात पुढं केला, तेव्हा वाटलं देवाच्या पाया पडायचं असेल. पुढं बघितलं तर ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत वरात पलीकडं निघाली होती. वाजंत्रीवाले तिथूनच मागं फिरले, त्यांना अनुभव होता. मी शालू गुडघ्यापर्यंत धरला, चपला हातात घेतल्या आणि बांधावरून, चिखलातून, करवंदीच्या जाळीला पदर अडकवत वर चढले. मला पोचवायला आलेला माझा भाऊ ओढ्याच्या मध्ये एका दगडावर उभा राहून तो कागद आडवा-उभा करून बघत होता. माझा धाकटा दीर त्याच्याजवळ गेला आणि पायवाटेकडं बोट करून मोठ्या आदरानं म्हणाला, “ह्योच की मेन रोड.”

माझ्या भावानं घरी जाऊन काय सांगितलं ते मला नंतर कळलं. त्यानं सांगितलं की रस्त्याचं काम चालू आहे.

पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा मी वडिलांना सगळं सांगितलं. रस्ता नाही, बस स्टॉप म्हणजे एक आंबा आहे, क्रीडांगण म्हणजे खळं आहे, दवाखाना म्हणजे आमच्या शेजारचा ओटा, जिथं नर्सबाई जमेल तेव्हा येऊन बसतात. वडिलांनी ऐकून घेतलं. मग भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लावलेल्या त्या कागदाकडं बघत म्हणाले, “नकाशात तर हाय.” मी म्हणाले की मी चालत आले, नकाशा नाही आला. ते म्हणाले, चार पाहुण्यांत दाखवलाय, आता उगाच बोलू नको. माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो अजून गेलेला नाही. जायचं कारणही नाही.

नकाशातलं सगळं गाव वसवणारा होता माझा दीर. बारावीनंतर तो शिक्षणाच्या नावानं भोरला जायचा आणि माझा भाऊ ज्या कॅफेत बसायचा त्याच कॅफेत बसायचा. दोघं कदाचित शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून, एक रस्ता काढत आणि दुसरा तो छापून घेत बसले असतील. दिराच्या बाजूनं बोलायचं तर त्याच्याकडं कारण होतं. वाडीतल्या पोरांना मुली मिळत नव्हत्या. पाहुणे यायचे, ओढ्यापर्यंत गाडीनं यायचे, पुढचा चढ बघायचे आणि तिथूनच फोन करून सांगायचे की पत्रिका जुळत नाही. मोठ्या भावाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आधीची सोयरीक तशीच मोडल्यावर त्यानं रेघ मारली. पुढची सोयरीक माझी. त्याचा रस्त्यांवरचा विश्वास तेव्हा बसला तो बसलाच. मी त्याला एकदा विचारलं की असं खोटं का लिहिलंस. तो म्हणाला, “खोटं न्हाई वहिनी, नियोजित हाय.” नियोजित हा आमच्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. नियोजित सभामंडप, नियोजित पाणीयोजना, नियोजित पुतळा. फक्त या रस्त्यावर तेवढा तो शब्द लिहायचा राहिला होता.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला वाटलं तुला ठाऊक आहे. माणूस भला, पण त्याचं भलेपण असं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाई ओढ्यात घसरल्या. डोक्यावर भाताच्या रोपांची पाटी होती, पाय दगडात अडकला आणि मांडीचं हाड मोडलं. घोंगडीची झोळी करून, ती बांबूला बांधून चार माणसांनी त्यांना मेन रोडनं खाली नेलं. पाऊस असा की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. माणसं दोनदा घसरली, दोनदा सासूबाई आपटल्या. मी मागून छत्री धरून चालत होते, त्या छत्रीचा कुणालाही उपयोग नव्हता. भोरला दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं ओरडणंही थांबलं होतं. त्या वाचल्या, हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. त्या दिवशी मी ठरवलं की हा रस्ता खराखुरा करून घ्यायचा.

वाडीनं रस्ता मागितला नव्हता असं नाही. मागणी जुनीच होती. ती पुन्हा हलवायला आम्ही पाच-सहा जण रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका साहेबांकडं गेलो. कचेरी कुठली ते सांगत नाही, तिथले लोक अजून नोकरीत असतील. साहेब तरुण होते, टेबलावर लॅपटॉप होता आणि त्यांना तो उघडायला कारण हवं होतं. त्यांनी वाडीचं नाव टाईप केलं, स्क्रीन आमच्याकडं फिरवली आणि पेनानं पिवळी रेघ दाखवली.

“रस्ता तर आहे,” ते म्हणाले.

आमच्यातल्या एकाही पुरुषानं तोंड उघडलं नाही. दिराचं लग्न बघणं चालू होतं, आणि साहेबांच्या कार्यालयातला शिपाई सांगून आलेल्या एका मुलीच्या गावचा होता. सगळे छताच्या पंख्याकडं बघू लागले. मग मीच म्हणाले की साहेब, तो रस्ता नाही, ती आमच्या भावजींनी मारलेली रेघ आहे. साहेब मला समजावू लागले की वहिनी, ही सॅटेलाइटची इमेज आहे, सॅटेलाइट कशाला खोटं बोलेल. मी म्हणाले, सॅटेलाइट नाही बोलत, भावजी बोलतात. साहेबांना ते आवडलं नसावं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की ज्या वाड्यांना रस्ताच नाही त्यांचा नंबर आधी, तुमचं प्रकरण दुरुस्तीत बसेल. अशा रीतीनं आमचा न बांधलेला रस्ता दुरुस्तीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

परत आल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. बायका बाहेर पायरीशी. मी पायरीवरूनच म्हणाले की ती रेघ पुसा, म्हणजे साहेबांना रस्ता नसल्याचं दिसेल. आत बराच वेळ खल झाला. एक जण म्हणाला की रेघ पुसली तर बस स्टॉपपण जाईल. दुसऱ्याचं म्हणणं की रेघेनं कुणाचं पोट दुखतंय, ती काय खायला मागतीय. शेवटी ठरलं असं की आधी दिराचं लग्न, मग रेघ पुसायची, मग रस्ता मागायचा. पण त्याच्या पाठोपाठ आणखी कुणाकुणाचे मुलगे लग्नाला आलेच होते, त्यांच्या बापांनी लगेच मुद्दा मांडला की न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे. म्हणजे वाडीतला शेवटचा पोरगा बोहल्यावर चढेपर्यंत रस्त्याला वाडीत यायला बंदी. सासूबाई काठी टेकत माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा आखूड पाय पायरीवर नीट टेकत नव्हता. मला वाटलं त्या तरी बोलतील. त्या म्हणाल्या, “आधी पोराचं हू दे.”

मग सासूबाईंना तपासणीला भोरला नेलं त्या दिवशी मी त्यांना बाकावर बसवून कॅफेत गेले. कॅफेवाले चाचा मला ओळखत नव्हते, पण वाडीचं नाव सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “तुमच्या वाडीची पोरं हितं लई. सगळी रस्तंच काढत बसत्यात.” त्यांनीच मला रेघ कशी पुसायची ते दाखवलं. दोनदा टिचकी मारली आणि मेन रोड गेला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. खाली बांध दिसला, ओढा दिसला, आमच्या चपलांनी पडलेली बारीक वाट दिसली. पहिल्यांदाच तो नकाशा मला माझ्या गावचा वाटला.

पुढच्या खेपेला गेले तर रेघ परत आलेली. आधीपेक्षा जाड, आणि नाव बदललेलं. आता तो ‘राज्यमार्ग’ होता. मी पुन्हा पुसला. त्यानं पुन्हा काढला आणि कडेला ‘नियोजित पेट्रोल पंप’ टाकला. घरात आम्ही दोघं एकमेकांना ताट वाढत होतो, चहा देत होतो, आणि भोरला जाऊन एकमेकांचं खोडत होतो. चाचांना याची फार मजा वाटायची.

त्याच सुमारास दिराची सोयरीक जमत आली. मुलगी हायवेकडच्या गावची, बारावी झालेली. मुलगी बघून झाली होती, आता त्यांच्याकडच्यांनी घर बघायचं राहिलं होतं. तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला. आमच्याकडं मोबाईलला रेंज देवळामागच्या एका खडकावरच यायची, त्यामुळे वाडीत खासगी फोन असा प्रकार नव्हता. खडकावर जो चढला त्याच्या मागं ज्याला काम नाही तो चढायचा. दिराचा मोबाईल चायनाचा, स्पीकर एवढा मोठा की खालच्या वाडीतही ऐकू जावा. दिरानं नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. पाहुणे म्हणाले की घर आम्ही नकाशात बघितलं, फार चांगलं आहे, पण आमच्या मुलीचं म्हणणं आहे की त्या घरातल्या सुनेशी बोलल्याशिवाय ती होकार देणार नाही.

मला भांडी घासताना बोलावून आणलं. हात ओलेच होते. दिरानं मोबाईल माझ्यापुढं धरला. आजूबाजूला सगळी वाडी, सासूबाईही काठी टेकत आलेल्या. दिराच्या तोंडावरचा रंग उडाला होता, आणि पहिल्यांदाच तो मला लहान दिसला. मला त्याची दया आली हे खरं आहे. वाईट पोरगा नव्हता तो. त्याला बायको हवी होती, एवढंच. मी नकाशाला हो म्हटलं असतं तर त्याचं लग्न झालं असतं, आणि नसतं म्हटलं तर बहुतेक मोडलं असतं. आणि त्या घरात जन्म मला काढायचा होता.

पलीकडून आता त्या मुलीचाच आवाज आला. तिनं आधी नमस्कार केला. मग विचारलं, “ताई, तुमच्या दारापतूर गाडी येती का?”

मी म्हणाले, “न्हाई. ओढ्याच्या अलीकडं थांबती. तिथनं चढ हाय. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर झोळीत घालून न्यावं लागतंय. माझ्या सासूला तसंच न्हेलं. माणसं चांगली हायत, पन रस्ता न्हाई.”

माझ्या मागं कुणीतरी जोरात श्वास सोडला. दिरानं मोबाईल बंद केला नाही, का ते मला अजून कळलेलं नाही. त्या मुलीनं विचारलं, “मग तुमी कशा आलात हितं?”

खाली ओढा दिसत होता. मला माझ्या वडिलांचं त्या रेघेवरून न अडखळता गेलेलं बोट आठवलं.

“मला कुणी सांगितलंच न्हाई,” मी म्हणाले. “आमच्यातल्या कुणी असा फोन केला न्हाई.”

पलीकडून फोन ठेवला गेला. दीर तिथंच खाली बसला. माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांनी मला बोलायला सुरुवात केली, की घराची अब्रू घालवली, पोराचं वाटोळं केलं, ही माहेराहून काय शिकून आली. मी ऐकत उभी राहिले. मला वाटलं होतं की आता सासूबाईही सुरू होतील, आणि त्यांचं बोलणं मला लागलं असतं.

सासूबाई काठी रोवून खडकावर एक पाऊल वर आल्या. चुलत्यांना हातानंच थांबवलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, कुठंतरी लांबचं बघत असल्यासारखा होता. दिराकडं न बघताच त्या त्याच्याशी बोलल्या.

“मला तरी कुणी सांगितलं हुतं?” त्या म्हणाल्या. “उद्या भोरला जा आन ती रेघ पुसून ये.”